भोंगा सुस्थितीत आहे

नगरपालिकेत भोंगे विभाग नावाचा एक विभाग होता. विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, भिंतीवर पाच हिरव्या दिव्यांची पेटी आणि एक बाई. बाईंच्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की ते पाटीवर मावेना, म्हणून पाटीच लावली नाही. सगळे त्यांना भोंगेबाई म्हणत. धरणाचं पाणी सुटलं की बाईंनी कळ दाबायची, पाच खांबांवरचे पाच भोंगे वाजायचे आणि नदीकाठच्या लोकांनी उठून चढावर यायचं, अशी ही साधी सोय. सोय साधी होती म्हणूनच तिच्यावर देखरेखीला आठ माणसांची समिती होती.

भोंगे आणले तेव्हा पैशाला तोटा नव्हता. कुठल्याशा बड्या संस्थेनं देणगी दिली होती. देणगी देणाऱ्याला विकत घेतलेली वस्तू दिसते, सांभाळलेली दिसत नाही, त्यामुळे भोंगे आले आणि त्यांच्या पोटापाण्याचं कुणी बघितलं नाही. फीत कापली गेली, फोटो निघाले, पाचही भोंगे एकदम वाजले, सगळ्यांनी कानांवर हात ठेवून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. नव्याचे नऊ दिवसही पुरते भरले नाहीत तोच हिशेबनिसांनी विचारलं, की यांच्या बॅटऱ्या दर तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात हे कुणी वाचलं होतं का. कुणी वाचलं नव्हतं. फोटोत सगळे हसत होते.

भोंग्याची गंमत अशी, की तो वाजला तर फारसा खर्च नाही. तो गप्प उभा राहतो त्याचा खर्च. ऊन खातो, पाऊस खातो, गंजतो, आणि आतली बॅटरी काहीही काम न करता म्हातारी होते. जी वस्तू कधी वाजू नये अशीच सगळ्यांची इच्छा, तिच्यावर दरसाल पैसे घालायचे, हे समितीच्या पचनी पडेना. हिशेबनीस तसे वाईट नव्हते, फक्त खर्चाचा रकाना रिकामा दिसला की त्यांना शांत झोप लागायची. प्रत्येक सभेत ते म्हणायचे, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." कोंबडी फुकट मिळाली होती हे ते सोयीनं विसरत.

सुरुवातीला दर महिन्याला चाचणी व्हायची. भोंगा खरोखर वाजवायचा आणि वाजतो का ते ऐकायचं, अशी अडाणी पद्धत होती. त्यावर लोकांच्या तक्रारी आल्या. लहान मुलं दचकतात, कुत्री गळा काढतात, चौकातल्या दातांच्या डॉक्टरांचा तर हात हलला आणि भलताच दात निघाला. मग समितीनं डोकं लावलं आणि मूक चाचणी सुरू केली. मूक चाचणी म्हणजे भोंगा न वाजवता तो वाजतो की नाही ते ठरवायचं. आवाजाची तार काढून ठेवायची, बाईंनी खोलीत बसून कळ दाबायची, पेटीवर त्या नंबरचा दिवा हिरवा झाला की भोंगा पास. दिवा फक्त एवढंच सांगायचा, की इथून हुकूम निघाला. तो खांबापर्यंत पोचला का, आणि पोचल्यावर खांबानं काय केलं, याच्याशी दिव्याला काही कर्तव्य नव्हतं. असे दिवे नगरपालिकेत प्रत्येक टेबलावर होते. काही पगारी होते.

वायरमन मात्र खांबावर चढून झाकण उघडून बघायचा. ही त्याची वाईट खोड होती.

"बाई, दिवा पास झालाय," एके दिवशी तो येऊन म्हणाला. "भोंगा नापास आहे."

"कुठला?"

"तीन नंबर. बॅटऱ्या फुगून टम्म झाल्यात. कर्ण्यात कबुतरांनी संसार थाटलाय. दोन आणि पाच नंबरही आज-उद्याचेच आहेत, पण तीन गेलाच म्हणायचा."

तीन नंबर म्हटल्यावर बाईंनी लिहायचं थांबवलं. तो खांब नदीच्या गल्लीच्या टोकाला होता, आणि त्याच्या अगदी समोरच्या घरात बाईंचे वडील एकटे राहत होते.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. नानांनी उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. खटका ओढला की सिग्नलचा हात खाली पडतो आणि गाडी सुटते; हात आडवा असेल तर खुद्द साहेब गाडीत बसलेला असला तरी गाडी हलत नाही. निवृत्त होऊनही नाना त्याच कायद्यानं जगत होते. आई गेल्यावर बाईंनी त्यांना चढावरच्या आपल्या घरी येऊन राहा म्हणून परोपरीनं सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यातून पूर्वी एकदा "पाणी आलं, पाणी आलं" अशी आवई उठली होती. सगळी गल्ली जीव मुठीत धरून चढावर पळाली. पाणी काही आलं नाही. परत येऊन बघतात तो नानांचा रेडिओ आणि शेजारच्या शिंपीणकाकूंचं शिलाई मशीन कुणीतरी लांबवलेलं. तेव्हापासून नानांनी कानाला खडा लावला. माणसाच्या सांगण्यावर गाडी सोडायची नाही. भोंगा वाजला तर निघायचं, नाही वाजला तर बसायचं. गल्लीनंही हाच नियम उचलला, कारण नाना उठले की उठायचं आणि नाना बसले की बसायचं, यात डोक्याला ताप कमी.

म्हणजे या म्हाताऱ्याला पुराच्या आधी घरातून उठवायचं जगात एकच साधन होतं, आणि ते बाईंच्याच विभागात मरून पडलं होतं.

बाईंनी सुट्टीच्या दिवशी आडून विचारून बघितलं. "नाना, समजा भोंगा बिघडलेला असला तर?"

"बिघडला तर कळेलच की," नाना म्हणाले. "आमच्या सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हायचा. बिघाड म्हणजे धोका, गाडी जागेवर उभी. यंत्र करणारे काय वेडे असतात? बिघडलेलं यंत्र सगळं ठीक आहे असं कधीच सांगत नाही."

"भोंगा तसा नसतो नाना. तो बिघडला की गप्पच बसतो."

"असं कसं असेल? मग गप्प म्हणजे ठीक की गप्प म्हणजे बिघाड, हे लोकांनी ओळखायचं कसं? एवढा साधा विचार कुणीतरी केलाच असेल." नानांचा यंत्रांच्या कर्त्यांवर फार विश्वास होता. पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर बाईंना धीरही झाला नाही.

त्याऐवजी त्यांनी समितीपुढे मागणी ठेवली. तीन नंबरला तातडीनं नव्या बॅटऱ्या, दोन आणि पाचला वर्षाच्या आत. हिशेबनिसांनी आकडा बघितला आणि चष्मा काढून ठेवला, म्हणजे आकडा दिसायचा थांबेल. "एवढ्यात अर्धा नवा भोंगा येतो," ते म्हणाले. एका सदस्यानं मग अर्धा नवाच घेऊ या असं सुचवलं आणि ते विनोदानं म्हणत नव्हते.

अध्यक्ष मात्र समंजस. त्यांच्या जिभेवर साखर असायची आणि खिशात मेव्हण्याच्या छापखान्याचं कार्ड. "मूळ प्रश्न बॅटरीचा नाहीच," ते म्हणाले. "लोकांना काय हवं असतं? भरवसा. खांबाकडे बघितलं की मनाला बरं वाटलं पाहिजे." आणि त्या सभेत बॅटऱ्यांऐवजी स्टिकर मंजूर झाले. हिरवे, चकचकीत, उन्हानं न विटणारे, पाण्यानं न सुटणारे. वर मोठ्या अक्षरात मजकूर: हा भोंगा तपासला असून सुस्थितीत आहे. खाली बाईंची सही. सदस्यांनी नमुना हातोहात फिरवला, नखानं खरवडून बघितला. भोंग्यांची एवढी कसून तपासणी त्या समितीत पूर्वी कधी झाली नव्हती.

"तीन नंबरवर मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "तो बंद आहे."

अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, जरा समजून घ्या. भोंगा बंद आहे असं तुम्ही म्हणालात तर तो नादुरुस्त ठरतो. नादुरुस्त वस्तूला देखभालीच्या खात्यातून बॅटरी देता येत नाही, ती भंगारात जाते. बॅटरी हवी असेल तर आधी तो सुस्थितीत असला पाहिजे."

"सुस्थितीत असेल तर बॅटरी कशाला लागेल?"

"सुस्थितीत राहायला." अध्यक्ष प्रेमानं हसले. "तुम्ही सही करा. पहिला संच तीन नंबरलाच जाईल, माझा शब्द आहे. तिथे तुमचे वडील राहतात हे मला ठाऊक नाही का?"

बाईंनी ते बोलणं मनातल्या मनात उलटंसुलटं करून बघितलं. कुठूनही बघितलं तरी ते बरोबरच निघत होतं, हीच तर नगरपालिकेची खुबी. वडिलांना बॅटरी मिळायची तर वडिलांच्या खांबावर खोटं चिकटवायचं. बाईंनी सही केली.

स्टिकर लावायला त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर बरं झालं असतं, पण वायरमननं कानांवर हात ठेवले होते. शिंपीणकाकूंनी खालून शिडी धरली. नाना खुर्ची घेऊन दारात बसले होते. स्टिकर लागल्यावर काकूंनी तो मोठ्यानं वाचला आणि आजूबाजूच्या चार-पाच दारांतून माणसं डोकावली.

"ही माझ्या लेकीची सही," नाना त्यांना म्हणाले. एवढ्या मोठ्यानं ते एरवी बोलत नसत. "पूर्वी आम्ही म्हणायचो, भोंगा आहे पण त्याचा काय नेम. आता तो गप्प आहे म्हणजे नदी गप्प आहे, असं खुशाल समजा. हिच्या हातून चुकीचा सिग्नल जायचा नाही."

सांगायची वेळ होती ती तीच. बाई शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, खाली वडील होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना बाईंच्या नोकरीचा अभिमान वाटत होता. त्यांनी मूग गिळले. आठवड्यात बॅटरी येईलच, मग खोटं आपोआप खरं होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला खर्च येत नाही, म्हणून ती सगळ्यांना परवडते.

बॅटरी आलीही. पण त्याच सुमारास देणगी देणारे पाहुणे भोंगे बघायला येणार असं कळलं. एक नंबरचा भोंगा नगरपालिकेच्याच गच्चीवरच्या खांबावर होता, उंचावर, जिथे पाणी पोचायचं तर आधी सगळं शहर बुडायला हवं. पाहुण्यांना गल्लीबोळ तुडवायला कशाला लावायचं, म्हणून बॅटरी एक नंबरला बसली. "पाहुणे गेले की काढून तीनला," अध्यक्ष म्हणाले. पाहुणे आले, भोंगा वाजला, पाहुणे खूश होऊन गेले. बॅटरी काढायला वायरमन गच्चीवर चढला तेव्हा हिशेबनीस जिन्यात आडवे आले. बॅटरी एक नंबरच्या नावे चढली होती. चालू भोंग्याची बॅटरी काढणं म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. बाईंनी अध्यक्षांच्या दारात खेटे घातले. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "झालंच समजा." समजायचं काम बाईंकडे होतंच.

मग एके दिवशी दुपारी धरणावरून फोन आला. डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला होता, धरण काठोकाठ भरलं होतं, दरवाजे उघडावे लागत होते. नदीकाठी पाणी यायला फार तर दोन तास. शहरात त्या वेळी लख्ख ऊन पडलं होतं.

बाईंनी कळ दाबली. पेटीवरचे पाचही दिवे हिरवे झाले. आणि डोक्यावर, गच्चीवरचा एक नंबरचा भोंगा असा काही वाजला की खिडकीची तावदानं थरथरली. बाकी चार दिशांना शुकशुकाट. दोन आणि पाचनंही दगा दिला होता. चार नंबरनं एकदा घसा खाकरला म्हणे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते असं. अध्यक्ष धावत खोलीत आले, पेटीकडे बघून म्हणाले, "वा, पाचही हिरवे." तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दातांचे डॉक्टर होते. त्यांना भोंगा बंद करून हवा होता.

बाईंनी त्यांचा फोन ठेवला आणि वडिलांना लावला.

"नाना, पाणी सोडलंय. ताबडतोब निघा. गल्लीलाही घेऊन निघा."

"भोंगा वाजला नाही," नाना शांतपणे म्हणाले.

"इथे वाजतोय, ऐका ना."

"तिथे वाजतोय म्हणजे तिथल्या लोकांनी निघायचं. आमचा आमच्यासाठी वाजेल. तो चालू आहे ना?"

अध्यक्ष समोरच उभे होते आणि मान हलवून हो म्हणा, हो म्हणा असं सुचवत होते. बाई म्हणाल्या, "मी येते," आणि फोन ठेवला. तेवढंही खरं त्यांच्या तोंडून निघालं नाही, याची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

अग्निशमनचा एकुलता एक बंब पलीकडच्या काठावर लोकांना उठवत फिरत होता. बाई वायरमनच्या स्कूटरवर मागे बसून गल्लीत पोचल्या. गल्लीत काय होतं, तर ऊन. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, शिंपीणकाकू दारात बसून बाह्या टाचत होत्या. आणि नाना खुर्चीवर बसले होते, पायात बूट, मांडीवर भरलेली पिशवी. फोन आल्या आल्या त्यांनी सगळी तयारी केली होती. फक्त सिग्नल पडायची वाट बघत होते.

"उठा नाना."

"भोंगा वाजू दे."

"तो वाजणार नाही."

"मग पाणी येणार नाही."

"नाना, तो वाजूच शकत नाही. त्याच्या बॅटऱ्या मेल्यात. वर्ष झालं."

नानांनी खांबाकडे बघितलं. हिरवा स्टिकर उन्हात चमकत होता. "त्यावर तुझी सही आहे."

"आहे. मजकूर खोटा आहे."

"तुला फसवून सही घेतली?"

हो म्हणायची किती सोपी संधी होती ती. बाप आपल्या लेकीला पळवाट काढून देत होता. बाईंना रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. "नाही," त्या म्हणाल्या. "माहीत होतं. चिकटवताना माहीत होतं. तुम्ही सगळ्यांना सांगत होतात तेव्हाही माहीत होतं."

नाना रागावले असते, ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पुन्हा एकदा खांबाकडे बघितलं. क्षणात त्यांचा चेहरा उतरला, नुकताच आजारातून उठल्यासारखा. मग पिशवी खांद्याला लावून ते उभे राहिले. ते उभे राहिलेले बघून शिंपीणकाकूंनी सुई थांबवली.

"नाना, निघालात? भोंगा तर नाही वाजला."

नाना लेकीला म्हणाले, "सांग त्यांना."

"तुम्ही सांगा नाना. लोक तुमचं ऐकतात."

"मीच तर सांगितलं होतं, भोंगा गप्प म्हणजे नदी गप्प. आता माझ्या शब्दावर कोण उठेल? तू सांग. प्रत्येक दारात जाऊन सांग."

पहिल्या दारात बाईंनी सरकारी भाषा वापरून बघितली. काही तांत्रिक कारणास्तव भोंगा कार्यरत नसल्याने, वगैरे. दारातला माणूस ऊन बघत म्हणाला, "म्हणजे वाजेल ना थोड्या वेळानं?" मग बाईंनी सरळ सांगितलं, की भोंगा मेलेला आहे, मला ठाऊक होतं, मी खोटं लिहून चिकटवलं, पाणी येतंय, निघा. माणसानं पुढे एक शब्द विचारला नाही. आत वळून पोरांना हाक मारली. दुसऱ्या दारात त्यांनी तेवढंच सांगितलं, तिसऱ्यातही. पुढे पुढे दोनच वाक्यं राहिली. मी खोटं लिहिलं होतं. निघा. काहींनी शिव्या घातल्या, पण चपला घालता घालता घातल्या. इतकी झटपट चालणारी सोय नगरपालिकेनं कधी विकत घेतली नव्हती आणि हिला तर बॅटरीही लागत नव्हती.

शिंपीणकाकू मशीन घेतल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. वायरमननं ते स्कूटरवर बांधलं. काकू बाईंच्या जवळून जाताना थांबल्या. बाईंना त्यांनी लहानपणापासून बघितलं होतं, शाळेचे कपडे त्यांनीच शिवलेले. "शिडी मी धरली होती गं," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. नाना सगळ्यांच्या मागून, शेवटचं दार रिकामं झाल्यावर निघाले.

पाणी आलं. गल्लीतली घरं माळ्यापर्यंत बुडाली. माणूस एकही गेलं नाही.

पुढच्या सभेत बाईंच्या अभिनंदनाचा ठराव आला. बाई उभ्या राहून म्हणाल्या, की अभिनंदन कसलं, चार भोंगे वाजले नाहीत, तीन नंबर बंद असल्याचं मला माहीत होतं आणि तुम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हाच तुमचा मोठेपणा," अध्यक्ष म्हणाले आणि सभेनं टाळ्या वाजवल्या.

हिशेबनीस तर भारावून गेले होते. भोंगा न वाजता सगळी गल्ली सुखरूप बाहेर पडली, म्हणजे भोंग्यावाचून काही अडत नाही हे सिद्धच झालं. मग देखभालीचा खर्च हवा कशाला? भोंगे शोभेला राहू द्यावेत, खांबांना रंग द्यावा. पुरात गल्लीतलं नगरपालिकेचं सगळं वाहून गेलं, कचराकुंड्या, पाट्या, दिव्यांचे खांब. तीन नंबरचा खांब मात्र उभा राहिला आणि त्यावरचा स्टिकर होता तसा होता, एक कोपराही सुटला नव्हता. छापखान्याच्या दर्जाबद्दल समाधान व्यक्त झालं आणि पुढच्या वर्षाचे स्टिकरही तिथेच द्यायचं ठरलं. बाईंनी सांगितलं, की मी सही करणार नाही. "तुम्हाला त्रास नको म्हणून सही ठशातच घेतली आहे," हिशेबनीस म्हणाले. दारोदार फिरण्यासाठी बाईंना एक जोडी बूट मंजूर झाले. कमी दराच्या निविदेची अट होती.

नाना आता चढावर बाईंच्या घरी राहतात. इतकी वर्षं बाईंना जे हवं होतं ते असं मिळालं. घर मोकळं आहे, खिडकीतून लांबवर रूळ दिसतात. नाना कुरकुर करत नाहीत. हवेवर बोलतात, पेपरातलं बोलतात, त्या दिवसाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. बाईंनी दोनदा विषय काढला तर म्हणाले, "झालं ते झालं, जेवून घे." बाईंना वाटलं, विसरले असतील, किंवा निदान माफ केलं असेल. अशी समजूत करून घ्यायची त्यांना सवयच होती.

परवा सकाळी त्यांनी नानांना रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला आणून दिला. आई आजारी होती तेव्हापासून घरातल्या औषधांचं बाईच बघत. नाना नुसता तळहात पुढे करायचे, पडेल ती गोळी तोंडात टाकायचे.

"रक्तदाबाची आहे," बाई म्हणाल्या.

नानांनी गोळी तळहातावर घेतली आणि तशीच ठेवली. "पाकीट आण बरं तिचं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

बाईंनी पाकीट आणलं. नाना चष्मा लावून खिडकीपाशी गेले. पाकिटावरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं, तारीख वाचली, आतली एक गोळी तळहातावरच्या गोळीशेजारी धरून दोन्ही नीट बघितल्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले. बाई रिकामा पेला घ्यायला हात पुढे करून उभ्या होत्या.